मिठ्ठूचं पथ्य

आमच्या घरात रोज सकाळी सगळ्यांत आधी ज्याच्या तब्येतीची चौकशी व्हायची, तो पोपट होता.

मिठ्ठू त्याचं नाव. माझ्या नवऱ्याच्या मॅट्रिकच्याही आधीपासून तो धंतोलीतल्या त्या घरात होता. म्हणजे मानानं माझा थोरला दीरच! म्हातारपणी त्याला दमा जडला. श्वास घेताना शेपूट वरखाली व्हायचं, नाकपुड्या ओल्या, आणि छातीतून स्टोव्ह बिघडल्यासारखी घरघर. जनावरांच्या डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितलं, "हे बरं व्हायचं नाही, सांभाळायचं." सासूबाईंनी सांभाळायचं ठरवलं, म्हणजे अख्ख्या घरानं सांभाळायचं! पाणी शिंपडल्याशिवाय झाडू लावायचा नाही. उदबत्ती बंद (देवांनी तक्रार केली नाही). पाण्याच्या वाटीत औषधाचे थेंब. पिंजऱ्यात रोज नवा पेपर, बहुधा मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, वाचून व्हायच्या आत. आणि सगळ्यांत कडक कलम म्हणजे घरात मिरचीची फोडणी नाही!

नागपुरात! मिरचीची फोडणी नाही! मामंजी ताटातल्या पिवळ्या वरणाकडे बघून सुस्कारा सोडायचे, "दवाखान्यात भरती झाल्यावानी वाटून राहिलं गा."

माझी मात्र त्या कलमानं सुटका झाली होती. मी गुहागरकडची, ओल्या नारळावर वाढलेली. सातवीत शाळा सुटली आणि आगगाडीत पहिल्यांदा बसले ती थेट या घरी यायला. पहिल्याच दिवशी रश्शाच्या फोडणीनं असा ठसका लागला, की न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून खोकले. ज्या सासूबाईंनी माझ्या शिक्षणावरून कधी चकार शब्द काढला नाही, त्यांच्या फोडणीला खोकायचं? छे! पुढं लवकरच मिठ्ठूचं पथ्य सुरू झालं, आणि मी त्या पोपटाला मनोमन नमस्कार केला. रोज सकाळी पेरूची फोड, भिजवलेली डाळ आणि एक हिरवी मिरची मी त्याला स्वतःच्या हातानं भरवू लागले.

उन्हाळ्यात एकदा सासूबाई दिवसभरासाठी वर्ध्याला लग्नाला निघाल्या. पायरीवरून म्हणाल्या, "घराकडं नाही पाह्यलं तरी चालते, पण मिठ्ठूले ठसका नाही लागला पाह्यजे. तुयाच भरवशावर ठेवून चालली मी!"

मिठ्ठूला काही झालं, तर कोणत्या तोंडानं समोर उभी राहणार?

त्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळली, आणि जन्मात स्वयंपाकघरात न आलेले मामंजी बाह्या सरसावत आत आले.

"सूनबाई, आज पाटवडी रस्सा!"

"पण मामंजी, मिठ्ठू..."

"त्याले घेऊन शेजारी बस न घडीभर. रस्सा मी करतो. तुले काहीच करा नाही लागत!"

सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? मी पिंजरा उचलून शेजारच्या कुसुमकाकूंच्या अंगणात शिरले, तर तिथं उखळात वर्षाचं तिखट कांडणं चाललेलं! भिवापुरी मिरची!

"ये वं, आक्छी, बस, आक्छी!" काकूंनी प्रेमानं बोलावलं.

मी मागे फिरले. पलीकडच्या घरात तेच. त्याच्या पलीकडंही तेच. कांडणाऱ्या बाया एकेक गल्ली उरकत पुढं जायच्या, आणि आज नंबर आमच्या गल्लीचा होता! लाल धुरळ्यात मिठ्ठूचं शेपूट भराभर हलू लागलं. मी पिंजऱ्यावर जाडजूड चादर टाकली आणि खोकत, डोळे पुसत धावत सुटले. कोपऱ्यावर छातीच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. दार लोटलेलं, खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे. नुसतं बसायचं म्हणून शिरले.

पण कंपाउंडर कुणाला नुसतं बसू देतो?

"पेशंटचं नाव?"

"मिठ्ठू."

"वय?"

"वीस-बावीस असेल."

"बिडी-सिगरेट?"

"नाही हो! पेरू खातो. डाळ. सकाळी एक मिरची."

"मंग आहे कुठं पेशंट?"

"मांडीवर."

बाकावरचे एक आजोबा हळूच सरकून बसले. तेवढ्यात चादरीखालून हुबेहूब सासूबाईंच्या आवाजात हुकूम आला, "चहा टाक वं!"

"पोरी," आजोबा वाकून म्हणाले, "सासू आहे का वं आतमंदी?"

"नाही, थोरले दीर आहेत!" घाबरून माझ्या तोंडून निघून गेलं.

कंपाउंडरचं पेन थांबलं. बाकावर हसू फुटलं, आणि मला रडू. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले.

"डॉक्टर, ह्याला वाचवा हो! सासूबाई माझ्या भरवशावर ठेवून गेल्यात!"

त्यांनी चादर उचलली. ओल्या, गार हवेत मिठ्ठूचं शेपूट केव्हाच शांत झालं होतं. तो डॉक्टरांकडं अशा नजरेनं बघत होता, की जणू तेच तपासून घ्यायला आलेत.

"हा ठीक आहे. बसू द्या इथंच. पण तुम्ही कधीपासून खोकून राहिल्या?"

"मी? मी कुठं..." आणि पुढचं सगळं खोकल्यात गेलं. तपासायची नळी मिठ्ठूच्या ऐवजी मला लागली, आणि औषधाची बाटलीही मलाच मिळाली.

संध्याकाळी गल्ली निवली तशी घरी आले. सासूबाई परतल्या होत्या. ओट्यावर मामंजी लाल नाक पुसत, तृप्त आणि भेदरलेले असे बसलेले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूबाईंनी आधी मिठ्ठूचं नाक पाहिलं, मग शेपूट, मग माझ्या हातातली बाटली.

"हे कोणाचं?"

"माझं."

त्या मामंजींवर कडाडल्या, "सांगतलं होतं न तुमाले, घरात फोडणी नाही म्हणून!"

"अवं, पण मिठ्ठूले तर बाहेर धाडलं होतं मी!"

"मिठ्ठूचं काय! सैपाकाच्या वेळी पिंजरा मागच्या अंगणात ठेवा, एवढंच सांगतलं होतं जनावराच्या डॉक्टरनं." मग माझ्याकडं वळल्या, "अन् तू! न्हाणीत जाऊन खोकत होती. आमाले ऐकू येत नाही वाटलं काय वं तुले?"

इतके दिवस मी ज्या पथ्यासाठी पोपटाचे उपकार मानत होते, ते माझं होतं! मिठ्ठूला रोज सकाळी अख्खी हिरवी मिरची स्वतःच्या हातानं भरवत होते मी, तरी मिरची नक्की कोणाला सोसत नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि तेही चांगली सातवीपर्यंत शिकलेली असून!