पाच स्टार आणि तळलेली मांदेली

हे बघा, हातातला कप आधी खाली ठेवा. मी हे सांगायला लागले की लोक हसतात आणि चहा माझ्या चादरीवर सांडतो. हसा, खुशाल हसा, कारण असला गाढवपणा अख्ख्या पनवेलात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला तरी वाटत नाही.

तर माझं मसाल्याचं दुकान. लाइन आळीत भाड्याचा छोटासा गाळा, वर हिरवा बोर्ड, ‘मंजूचे मसाले’. मंजू म्हणजे मीच. बोर्ड झकास, मसाला झकास, गिऱ्हाईक मात्र औषधालाही नाही! ऐन उन्हाळा, घरोघरी वर्षाचा मसाला भरायचे दिवस, आणि मी आपली गल्ल्यावर बसून माश्या मारतेय. गाळ्याच्या मालकांनी तर तोंडावर सांगून टाकलं होतं, “वहिनी, पावसाळ्याआधी जम बसला तर ठीक. नाहीतर ज्यूस सेंटरवाला रोज विचारायला येतोय.”

खरं सांगते, झोप उडाली होती माझी. आयुष्यभर सगळ्यांचे डबे भरले. स्वतःचं म्हणावं असं हे एकच दुकान, आणि तेही हातचं जातंय म्हटल्यावर काय होईल तुम्हीच सांगा.

अशात आमच्या महिला मंडळाने शिबिर ठेवलं, ‘छोट्या धंद्यासाठी डिजिटल मार्केटिंग’. शिकवायला एक चुणचुणीत मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, “ताई, घाबरू नका, फार काही लागत नाही. दुकानाचे चांगले फोटो टाका, फोन नंबर टाका. लोक जे लिहितील त्याला गोड उत्तर द्या. आणि सगळ्यात आधी दुकान नकाशावर आणा! हल्ली कुणी रस्त्यात पत्ता विचारत नाही. फोन सांगेल तिकडे गाडी वळवतात.”

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी जवळच्या कोन गावात हळद होती, माझ्या नणंदेच्या मुलीची. नणंद म्हणजे हिराताई, आमच्या ह्यांची थोरली बहीण. आमच्या दोघींचं सूत काही जमायचं नाही. कारण? मसाला! मी माहेरची ठाण्याची, ती पक्की आगरी. एकदा भर पंगतीत म्हणाली, “मंजू, तुज्या मसाल्याला रंग हाय, ठसका नाय.” मी काय गप्प बसणार? म्हटलं, “ताई, तुमचा मसाला खाल्ला की आधी पाणी लागतं आणि मग डॉक्टर!” त्यानंतर आमचं बोलणं फक्त लग्नाकार्यात, तेही ‘जेवलीस का’ एवढंच.

आता आगरी हळद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. दणदणीत डीजे, जेवणावळी, आणि आलेला प्रत्येक जण नखशिखांत पिवळा. मीही पिवळी. खुर्चीत बसले आणि मोबाइल काढला. शेजारची कुणीतरी म्हणाली, “काय गो करतेस?” मी डीजेच्या वर आवाज काढून सांगितलं, “दुकान ऑनलाइन आणतेय!” जरा हिराताईला ऐकू जावं हाही हेतू होता, खोटं कशाला बोलू?

चष्मा पर्समध्ये होता, कारण फोटो काढायचे होते. मोबाइलने नाव विचारलं, नंबर विचारला, टाकला. फोटो मागितला, हिरव्या बोर्डाचा दिला. मग नकाशा आला, त्यावर एक लाल टिकली आणि खाली कसलासा प्रश्न. एवढं बारीक कोण वाचतंय? पिवळ्या अंगठ्याने ‘हो’ दाबलं आणि नाचायला गेले.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले! पहिलाच फोन, “ताई, दुकानाबाहेर उभे आहोत.”

मी पदर सावरत धावत बाहेर. बाहेर कोण? समोरचा टेलर आणि एक झोपलेलं कुत्रं.

“कुठे उभे आहात तुम्ही?”

“मंडपाजवळ.”

“मंडप कसला? हिरवा बोर्ड बघा, हिरवा!”

“बोर्ड नाही दिसत. पण एक मावशी हात करून बोलावतायत.”

“मावशीकडे कशाला जाता? सरळ पुढे या!”

फोन बंद. मग दुसरा, मग तिसरा. सगळे ‘बाहेर उभे’ आणि बाहेर मात्र टेलर आणि कुत्रं! मला वाटलं कुणीतरी टवाळी करतंय. एका बिचाऱ्याला तर मी झापलंसुद्धा, “लाज नाही वाटत, बाईमाणसाची चेष्टा करता?” तो म्हणाला, “अहो ताई, चेष्टा कसली, आम्ही जेवायला बसलोय.” आता बोला!

त्यात माझ्या दुकानाला पाच-पाच स्टार मिळायला लागले. लोक लिहीत होते, ‘मसाला एक नंबर, खाऊन कानातून धूर निघाला.’ ‘चहा न घेता सोडत नाहीत.’ ‘गरम तांदळाची भाकरी आणि तळलेली मांदेली, मावशींना सलाम.’

मी चक्रावले. चहा? मांदेली? माझ्या दुकानात साधी स्टोव्हला जागा नाही, मासे कुठे तळणार! पण मॅडमनी सांगितलं होतं ना, गोड उत्तर द्या. मी आपली प्रत्येकाला लिहीत बसले, ‘मनापासून धन्यवाद, पुन्हा नक्की या.’ मांदेलीवाल्यालासुद्धा!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सगळं आमच्या ह्यांचं काम! बायकोला बरं वाटावं म्हणून खोट्या नावांनी लिहितायत. हे न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात असतात, दिवसभर कॉम्प्युटर पुढ्यात. घरी आले तशी मी तोफ डागली.

“खोटं लिहायचं तर निदान नीट लिहा! मसाल्याच्या दुकानात मांदेली कोण तळतं?”

“मांदेली?” ह्यांनी बूट काढता काढता विचारलं. “अगं, मला माझाच पासवर्ड आठवत नाही, मी कुठून लिहू? दाखव बघू.”

मोबाइल घेतला, खाली खाली सरकवलं आणि एका फोटोपाशी थांबले. कुणा गिऱ्हाइकाने काढलेला. पडवी, तिथला झोपाळा, मागे मंडपाचे बांबू आणि मध्ये हातात सूप घेऊन खदाखदा हसणारी हिराताई.

“मंजू,” हे हळूच म्हणाले, “तू दुकान टाकलंस कुठे?”

चष्मा शोधला. डोळ्यावर चढवला. नकाशा उघडला. लाल टिकली कोन गावात, बरोबर हिराताईच्या पडवीवर! तो बारीक अक्षरातला प्रश्न होता, ‘तुम्ही आत्ता जिथे आहात तिथेच दुकान आहे का?’

हे हसून हसून सोफ्यावरून घसरले. मी मात्र पेटले. माझी गिऱ्हाइकं, माझे स्टार, आणि मसाला खपतोय हिराताईचा! तिथल्या तिथे टिकली उचलून लाइन आळीत आणली, बोटाने नीट दाबून बसवली. मोबाइल म्हणाला, ‘बदल तपासून काही दिवसांत लागू करू.’ कर बाबा, म्हटलं, आणि सकाळी तडक कोनला निघाले, भांडायला. वाटेत रिक्षात वाक्यंसुद्धा पाठ केली.

दारात पोचले तर काय, गाड्या लागलेल्या! पडवीत पाटावर माणसं, आत चुलीवर भाकरी, बरणीतून मसाला भरायचं काम जोरात. मला बघताच हिराताई मसाल्याच्या हातानेच धावत आली आणि मला मिठी मारली. माझी नवी कोरी साडी लालभडक!

“मंजू! अगं तू माज्यासाठी येवढं केलंस, आनि तोंडातून शबुद नाय काढलास?”

“मी?”

“मानसं दारात येतात नि इचारतात, मंजूचे मसाले हितंच का? मी म्हनते, मंजू माजी भावजय हाय, या, बसा. मना वाटायचं तुला माजा मसाला आवडत नाय. आनि तू लोकांना माज्याकडं धाडतेस!” तिने पदराने डोळे पुसले. “लेक सासरी गेली, घर खायला उठलं होतं गो. तुज्या मानसांनी भरलं.”

पाठ केलेली सगळी वाक्यं रिक्षातच राहिली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मसाल्याचं नव्हतं. एवढी वर्षं या बाईशी मी ठसक्यावरून अबोला धरला! पदर खोचून बसले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. वाकड्या आल्या. तिने चालवून घेतल्या.

जेवताना तिनेच विषय काढला. “गाळ्याचं भाडं कशाला भरतेस? ही पडवी काय कमी हाय? तुजा रंग, माजा ठसका. दोगींचं नाव टाकू.”

मी तिथेच हो म्हटलं. गाळा सोडला, ज्यूस सेंटरवाला दुसऱ्याच दिवशी तिथे मशीन लावून खूश, मालक खूश. हिरवा बोर्ड टेम्पोत घालून कोनला आणला, त्यावर रंगवून घेतलं, ‘हिरा-मंजूचे मसाले’. रविवारी उद्घाटन ठेवलं. स्टेटस टाकला, सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं, ‘नेहमीच्या ठिकाणी, नव्या नावाने!’ हिराताईने पातेलंभर मांदेली तळून ठेवली. आम्ही दोघी एकसारख्या साड्या नेसून दारात उभ्या.

वाट बघतोय, बघतोय. एक माणूस नाही! मांदेली गार पडली. हिराताई म्हणाली, “काय गो, सगली येकदम आजारी पडली काय?”

तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, दुकानाबाहेर उभे आहोत. खूप गर्दी आहे, सगळे तुम्हालाच शोधतायत. पण इथे तर मोसंबीचा रस मिळतोय!”

मोबाइलने माझी दुरुस्ती तपासून, नेमकी त्याच सकाळी लागू केली होती.

हिराताईने माझ्याकडे बघितलं. “मंजू, टिकली हलवताना तरी चष्मा लावला व्हतास ना?”

लावला होता हो!