गादीशेजारचं स्टूल

चिकपेटच्या बाजारातल्या आमच्या साडीवाल्या अण्णांच्या दुकानात एक पांढरी गादी आहे. गिऱ्हाईकानं चप्पल काढून मांडी घालायची, मगच साडीची घडी उलगडणार. दोन वर्षं मी मात्र उभ्यानंच साड्या बघायचे. "घाईत आहे," म्हणायचे. खरं तर एकदा खाली बसले की गुडघे मला उठू देत नव्हते.

अण्णाही उठताना खांब धरायचे आणि त्या खांबावरच चिडायचे.

परवा गेले, तर अण्णा चक्क उंच स्टुलावर! एक पाय सरळ करायचा, कानडीत पाचापर्यंत मोजायचं, मग सावकाश खाली ठेवायचा. मधे कुणी भाव विचारला, तरी पाच पुरे झाल्याशिवाय उत्तर नाही.

"गुडघे झिजलेत, अक्का. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसणं सोडा, चालणं सोडू नका. मांडीत ताकद आली की दुखणं स्वल्प कमी होतं. होतंय खरं! वडलांची गादी सोडायची मलाच लाज वाटत होती."

मग त्यांनी मागून दुसरं स्टूल ओढलं, पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"बसा. आज घाई नाहीये तुम्हाला."

मी बसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच निवांतपणे साड्यांत खोट काढायला लागले.