मोळी दाबून पाहणाऱ्या आक्का

प्रिय सई आणि निहार,

रविवारी व्हिडिओ कॉल तसाच चालू ठेवून मी खाली गेले आणि चाऱ्याच्या टेम्पोतली मोळी दाबून परत आले, म्हणून तुम्ही खूप हसलात. मोळी सैल लागली. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. ही खोड मला दूधवाल्या आक्कांनी लावली. सगळं नीट आठवतंय तोवर त्यांच्याविषयी लिहून ठेवते.

आक्का खानदेशातून आलेल्या. यजमान कापडाच्या लूमवर, आणि आपल्या गोडादऱ्याच्या कडेला पत्र्याच्या गोठ्यात आक्कांच्या चार म्हशी. चलथाणकडून उसाचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टेम्पोनं येत. आक्का प्रत्येक मोळी दोन्ही हातांनी दाबून बघत. सैल लागली, म्हणजे चारा कमी भरलेला असला, की दारात येऊन खालमानेनं सांगत, "बाई, आठ दिवसमा दूध महाग व्हई." पेपरात ती बातमी नंतर यायची. भाव वाढवताना त्यांना फार संकोच व्हायचा, जणू ऊन त्यांनीच पाडलं होतं.

टाळेबंदीत उलटंच झालं. चहाच्या टपऱ्या बंद, लूम बंद, कामगार गावाला निघून गेलेले. दूध उरू लागलं आणि भाव पडला. आक्का तोंडाला पदर बांधून गल्लोगल्ली फिरल्या, उरलेलं दूध लहान मुलांच्या घरी तसंच देऊन आल्या. म्हशींना अर्धपोटी मात्र ठेवलं नाही.

पुढे एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. होळीच्या आधीच मोळ्या सैल झाल्या, पेंड महागली. व्यापारी दोन म्हशी मागायला आला. आक्का विकायला तयार होत्या. त्या पैशांत उरलेल्या दोघींचा चारा भागला असता. मी शाळेत पंचवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलेलं. मी म्हटलं, दूध महागतंय, म्हणजे म्हशीही महागतील, महिनाभर थांबा.

"दूध चढस तवय म्हैस उतरस, बाई," आक्का हळूच म्हणाल्या. "चारा नही, ते म्हैस कोन लेस?" मी हसून त्यांना मागणी-पुरवठा समजावला. त्यांनी मान डोलावली. "तुम्ही शिकेल शेतस. थांबसू."

महिन्यानं सगळ्यांनीच म्हशी बाजारात आणल्या. त्याच व्यापाऱ्यानं निम्मी किंमत सांगितली. त्यामुळे आक्कांना दोनऐवजी तीन म्हशी द्याव्या लागल्या. म्हशींना टेम्पोत चढवलं, तेव्हा मी गोठ्याच्या दाराशी उभी होते. आक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हैसनी तुमनं पुस्तक वाचेल नही, बाई." एवढंच. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन त्या नेहमीच्या वेळेला आल्या. आधी माझ्याच घरी आल्या.

त्यानंतर मी कुणाला सल्ला देण्याआधी ज्याचं काम असेल त्याला विचारते. आणि मोळी दाबून बघते.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. यंदा पुन्हा मोळ्या सैल आहेत. काल व्यापारी त्यांच्या सुनेकडे येऊन गेला. तिनं मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंनी काय केलं असतं?"

ती म्हणाली, सासूबाई उरलेल्या म्हशी जगवायला विकायला निघाल्या होत्या; आता एकच उरली आहे, ती विकली तर गोठाच संपेल, म्हणून विकणार नाही. कपाळावर पांढरा ठिपका असलेली शेवटची चांदरी अजून त्याच गोठ्यात आहे, आणि सकाळचं दूध तिचंच येतं.

तुमची आजी