रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार

कोरियातल्या आमच्या बंदराच्या गावी फुटबॉलचा सामना संपला की खेळाडू ओळीत उभे राहून प्रेक्षकांपुढे कमरेत वाकतात. हरले तर जास्तच. दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी सराव करणारी माणसं ही! यंदा लीगमध्ये पहिली आली. पहिलं आलं की वरच्या लीगमध्ये जावं लागतं; तिथला खर्च क्लब चालवणाऱ्या नगरपालिकेला झेपेना, म्हणून तिने क्लबच बंद केला. शेवटच्या सामन्याला नगरपालिकेचा एकही साहेब फिरकला नाही, तरी हे त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांपुढेही वाकले.

माझं डोकंच फिरलं. गोलकीपर आमच्याच कारखान्यातला वेल्डर. "त्यांच्यापुढे कशाला वाकलास?" मी ओरडलो.

"क्लब टिकवता आला नाही. माफी मागायला हवी."

"तुम्ही? अरे, जिंकलात ना तुम्ही!"

तो गडबडला आणि माझ्यापुढेही वाकला. अख्ख्या हंगामात मी दोनदाच सामना बघायला आलो होतो.