शारजाच्या हद्दीपर्यंतचे परराष्ट्रमंत्री

टिपणिसांना स्वतःचं मत मांडायला आवडायचं, पण समोरच्याचं मत त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायला अधिक आवडायचं. गाडीत आम्ही त्यांना परराष्ट्रमंत्री म्हणायचो. पुढे नुसतं ‘मंत्री’ उरलं.

गाडी बशीरभाईंची. ते मूळचे केरळचे. शारजात राहणाऱ्या आणि दुबईत नोकरी करणाऱ्यांना महिन्याच्या ठरलेल्या पैशांत सकाळी नेणं, संध्याकाळी आणणं, याला तिथे कारलिफ्ट म्हणतात. मंत्री पुढच्या सीटवर, मी मागे. आणखी एकजण असायचा, तो बसल्या बसल्या झोपायचा. मंत्री दुबईच्या देरा भागात, खाडीजवळ एका इराणी व्यापाऱ्याकडे नोकरीला होते. फ्रीज आणि एसीचे सुटे भाग लाकडी गलबतांत भरून पलीकडे इराणच्या बंदर अब्बासला पाठवायचे, हे त्यांचं काम. मी एका बांधकाम कंपनीत अकाउंट्सला. दुबई मरीनात आमचे दोन टॉवर चालू होते.

२००८चं वर्ष होतं. अमेरिकेत निवडणूक होती. तिथल्या दोन उमेदवारांपैकी तरुण उमेदवार म्हणत होता की शत्रूशीही बोललं पाहिजे, इराणशीसुद्धा. वयस्क उमेदवाराला ते भाबडेपणाचं वाटत होतं. मलाही वाटत होतं. मंत्री मात्र तरुणाच्या बाजूचे. “बोलणी झाली की निर्बंध उठतील, बँका मोकळ्या होतील, बँका मोकळ्या झाल्या की गलबतं भरतील,” असं ते सांगायचे. बाकी लोक अमेरिकेच्या निवडणुकीवर क्रिकेटसारखं बोलत. मंत्र्यांची रोजीरोटी त्या एका धोरणावर होती, आणि ते तसं स्पष्ट म्हणायचे.

सुरुवातीला आम्ही दोघंही एकाच वेळी बोलायचो. एक दिवस बशीरभाई वैतागले. “एक एक करके बोलो साब, मेरा हॉर्न भी सुनाई नहीं देता.” तेव्हा मंत्र्यांनी नियम केला. घरापासून शारजाची हद्द संपेपर्यंत ते बोलणार, हद्दीपासून देऱ्यापर्यंत मी. मी आठवडाभर घड्याळ बघितलं आणि हरकत घेतली. हद्दीच्या अलीकडे गाडी मुंगीच्या पावलांनी जाते, पलीकडे सुटते. म्हणजे पहिल्या बोलणाऱ्याला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. उद्यापासून क्रम बदला, मी म्हणालो.

मंत्र्यांनी थोडा विचार केला. “क्रम नको. बाजू बदलू. आज मी बोलणीच्या बाजूने बोललो, उद्या विरुद्ध बोलेन. तुम्ही उलट. हिशेब धोरणांचा जुळला पाहिजे हो, आपला नाही.”

तेव्हापासून एक दिवसाआड मला माझ्या मताच्या विरुद्ध बोलावं लागलं. पहिल्या दिवशी मी सिग्नल यायच्या आतच आटपलो. मंत्री मागे वळून म्हणाले, “एवढंच? माझी बाजू एवढी लंगडी आहे होय?” पुढे मी घरी वर्तमानपत्र वाचताना दोन्ही बाजूंनी वाचू लागलो. बायको म्हणायची, “ऑफिसला जाता की कोर्टात?”

बशीरभाई निकाल मात्र कधी द्यायचे नाहीत. देऱ्याला गाडी थांबली की एवढंच म्हणायचे, “खलास. दोनों जीत गये. उतरो.”

नोव्हेंबरात तरुण उमेदवार निवडून आला. मंत्र्यांनी गाडीत पेढे वाटले. त्याच सुमाराला मंदीने दुबईत पाय रोवले. मरीनातला आमचा एक टॉवर अर्ध्यावर थांबला, वरच्या क्रेन तशाच उभ्या राहिल्या. ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. माझा नंबर कधी लागेल ते मी रोज मोजत होतो. मंत्री धीर द्यायचे. “मंदीत लोक नवे एसी घेत नाहीत, जुने दुरुस्त करतात. आमच्याकडे या, पेट्या मोजायला अकाउंटंट लागतोच.” माझी नोकरी टिकली.

पुढच्या वर्षी मंत्र्यांना जेबेल अली बंदरातल्या एका गोदामात नोकरी चालून आली. इराणशी संबंध नसलेला धंदा, पगार थोडा कमी. त्या दिवसांत नोकरी चालून येणं ही गोष्टच नवलाची होती. मुलगी मुक्ता अकरावीत जायची होती, वहिनींचं मत होतं की घ्यावी. सकाळी गाडीत बसल्यावर मंत्र्यांनी आम्हाला हे सांगितलं आणि मग वार आठवून म्हणाले, “आज माझ्याकडे विरुद्ध बाजू आहे.”

त्या दिवशी ते जे बोलले ते मी कधी विसरलो नाही. नवा अध्यक्ष हात पुढे करेल, पलीकडचे तो धरणार नाहीत. मग याला आपल्या लोकांना दाखवायला कडक व्हावंच लागेल, आणि मऊ बोलणारा कडक झाला की त्याच्यामागे सगळं जग उभं राहतं. बँका आधी मालाचं हमीपत्र घ्यायला वेळ लावतील, मग घेणारच नाहीत. गलबतं खाडीत रिकामी डोलतील. हद्द आली तरी ते थांबले नाहीत आणि मीही टोकलं नाही.

बशीरभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “फिर तो जेबेल अली चले जाओ, साब.”

“अरे, ती आजची बाजू होती,” मंत्री हसून म्हणाले. “उद्या माझी आहे.”

त्यांनी ती नोकरी नाकारली.

पुढे सगळं त्यांनी त्या दिवशी विरुद्ध बाजूने सांगितलं होतं तसंच झालं. २०१०च्या उन्हाळ्यात निर्बंध कडक झाले. बँका इराणच्या मालाचे कागद घेईनात. अरबाबने, म्हणजे त्यांच्या मालकाने, एकेक माणूस कमी केला. मुक्ताची बारावी नुकतीच सुरू झाली होती. बापाचा व्हिसा रद्द झाला तर सगळ्या घराचा रद्द, आणि बोर्डाच्या वर्षात मधूनच शाळा बदलणं म्हणजे वर्ष हातचं जाणं.

मंत्री अरबाबकडे गेले. पगाराचं बोलले नाहीत. मुलीची परीक्षा होईपर्यंत व्हिसा राहू द्या, एवढंच मागितलं. अरबाबलाही मुली होत्या. तो म्हणाला, इन्शाल्ला, राहू दे. पगार देईन तेवढा देईन, दुकान मात्र उघडायचं.

म्हणून मंत्री त्या हिवाळ्यात रोज आमच्याबरोबर येत राहिले. जाऊन कुलूप काढायचं, पेट्यांवरची धूळ झटकायची, संध्याकाळी कुलूप लावायचं. वादविवादाचा नियम एक दिवसही चुकला नाही. मला त्यांच्या समोर माझी बाजू मांडणं जड जायला लागलं होतं. मी आवाज खाली आणला की ते म्हणायचे, “हिशेबनीस, सूट नको. पूर्ण बोला.”

मुक्ताचा शेवटचा पेपर झाला आणि व्हिसा रद्द करायचा दिवस ठरला. त्यांच्या शेवटच्या सकाळी मी गाडीत म्हणालो, “आज राहू द्या मंत्री, गप्पा मारू.”

“पाळी माझी आहे. बाजूही माझीच आहे.”

मग हद्दीपर्यंत ते बोलणीच्या बाजूने बोलले, २००८मध्ये बोलायचे तसेच, सावकाश. निर्बंध घालणाऱ्यांनाही शेवटी टेबलाशी बसावं लागतं, कारण दुसरा रस्ता युद्धाचा आहे आणि तो कुणालाच परवडत नाही. वेळ लागेल. मी न राहवून विचारलं, “अजूनही? तुमची नोकरी गेली त्यात.”

“माझी नोकरी गेली म्हणून धोरण चुकीचं ठरत नाही,” ते म्हणाले. “माझी वेळ चुकली. बाजू नाही.”

हद्द आली. माझी पाळी होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो आणि देऱ्यापर्यंत एक शब्द बोललो नाही. बशीरभाईंनीही गाडी थांबवल्यावर नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. ते उतरून पुढे आले आणि मंत्र्यांना मिठी मारली. मंत्री माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमची पाळी बाकी राहिली.”

ते मिरजेला परतले. तिथे बेदाण्याच्या शीतगृहात देखरेखीचं काम मिळालं. एसीची माहिती तिथे उपयोगी पडली. मुक्ता चांगल्या मार्कांनी पास झाली आणि सांगलीला इंजिनिअरिंगला गेली. सणावाराला फोन व्हायचा.

चार वर्षांनी इराणशी बोलणी पूर्ण होऊन करार झाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीतूनच फोन लावला. पुढच्या सीटवर आता कुणी तरी बँकेतला मुलगा बसायचा.

“मंत्री, अभिनंदन. जिंकलात.”

त्यांनी विचारलं, “कुठवर पोचलात?”

“अजून हद्दीच्या अलीकडे. जाम आहे.”

“मग वेळ आहे. शेवटच्या दिवशी मी माझी बाजू मांडली होती. म्हणजे आज विरुद्ध.”

बशीरभाई पुढून म्हणाले, “मंत्रीजी हैं? स्पीकर पे डालो.”

आणि ज्या दिवशी त्यांचं म्हणणं खरं झालं, त्या दिवशी मंत्री मिरजेहून, शीतगृहाच्या यंत्रांच्या घरघरीत, हा करार टिकणार नाही हे पटवून देऊ लागले. सही करणारा जाईल, दुसरा येईल, त्याला ही सही आपली वाटणार नाही. बँकेतला मुलगाही कानातलं काढून ऐकू लागला. मला एकाही मुद्द्यात फट सापडेना.

गाडी सुटली. हद्दीचा फलक मागे गेला.

“हद्द आली असेल,” मंत्री म्हणाले. “आता तुमची पाळी. माझी बाजू आहे, नीट मांडा.”

या वेळी मी गप्प बसलो नाही. देरा येईपर्यंत बोललो.