परत गेलेले पेढे

पिंपळे गुरवच्या विजयश्रीला लेकीचं कौतुक मनातून फार आवडे, पण कुणी रश्मीला चांगलं म्हटलं की ती लगेच मोडता घाली. इतर आया दृष्ट लागू नये म्हणून काजळाचं बोट लावतात, ही चारचौघांत लेकीला नावं ठेवी.

खरं तर नावं ठेवायला जागाच नव्हती. रश्मी दहावीत, आणि शाळेच्या कबड्डी संघात चढाईला तीच. पहाटे ग्राउंड, मग शाळा, आणि देवापाशी दिवा लागला की पुस्तक. हा नेम विजयश्रीनंच घालून दिलेला. नवऱ्याची, किसनची, चाकणच्या कंपनीतली शिफ्ट बदले, पण नेम बदलत नसे. पोरीचे गुडघे सोललेले असायचे, तरी गणितं सुटायची.

श्रावणात गल्लीतल्या लक्ष्मणरावांच्या बंगल्यावर सत्यनारायण होता. माणसं जुनी गावकरी, जमिनीवर पैसा झालेली. शाळेला कबड्डीची मॅट त्यांनीच दिलेली. तीर्थ देताना त्यांच्या पत्नी आक्काबाई म्हणाल्या, पोरगी काय चढाई करती तुजी, वाघीण हाय. विजयश्रीच्या काळजात चर्र झालं. ती सवयीनं म्हणून गेली, की कसली वाघीण, अभ्यासाच्या नावानं शिमगा आहे, दहावीला खेळ बंदच करणार आहे. शेजारच्या खुर्चीवर खेळाचे सर शिरा खात बसले होते. त्यांनी मान डोलावली.

पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडला, त्यात रश्मी नव्हती. तिच्या जागी लक्ष्मणरावांची नात पिंकी. तिनं मॅटवर पाय ठेवला होता तो उद्घाटनाच्या फोटोपुरता. विजयश्री तशीच शाळेत गेली. सर गोड हसले.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, खेळ बंद करणार म्हणून? तेही पूजेत. लक्ष्मणराव आहेत की साक्षीला."

मग त्यांनी समजावलं, की पिंकी फक्त बाकावर बसेल, तिला खेळाचे वाढीव गुण मिळतील, कुणाचं काय जातंय त्यात. ओठाला तूप लागल्यासारखं ते हसणं. विजयश्रीला शिसारी आली. आणि वाटेनं येताना त्याहून जास्त शिसारी स्वतःच्या जिभेची आली.

रश्मी भांडली नाही. तिनं ग्राउंड सोडलं, गुडघ्यांवर चढवायच्या नी-कॅप आईकडे देऊन टाकल्या आणि आईनं न सांगताही दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसू लागली. पण पान उलटेना. जिची गणितं कधी अडली नाहीत ती सहामाहीत गणितातच नापास झाली. आता तर हिला वेळच वेळ आहे, मग झालं काय, असं किसन विचारत राहिला.

स्पर्धेत संघ पहिल्याच सामन्यात हरला. पिंकी बाकावरून उठलीसुद्धा नाही, तरी प्रमाणपत्र आलं, आणि दिवेलागणीला आक्काबाई पेढ्यांचा डबा घेऊन दारात.

"नात जिल्ह्याला खेळून आली. देवाम्होरं ठेवून आणल्यात, परसाद हाय."

विजयश्रीनं जन्मात प्रसाद नाकारला नव्हता. देवळाच्या वाटेवर सांडलेली साखरसुद्धा ती उचलून तोंडात टाकी. पण त्या पिवळ्या, तुपकट पेढ्यांकडे पाहून तिला सरांचं ते हसणं आठवलं. हात पुढे झालाच नाही. मागे रश्मीनं मान वर केली होती.

"आक्का, देवाचा असता तर कपाळाला लावून घेतला असता," विजयश्री म्हणाली. "हा माझ्या लेकीच्या जागेचा आहे. घशाखाली उतरायचा नाही. आणि त्या दिवशी मी खोटं बोलले. माझी पोर खेळतेही चांगली, शिकतेही चांगली. दृष्ट लागायची तर लागू दे."

"परसादाला न्हाई म्हनतीस, बरं न्हाई व्हायचं," म्हणत आक्काबाईंनी डबा बंद केला आणि पायऱ्या उतरल्या.

विजयश्रीनं देवापुढे हात जोडले. चूक झाली असेल तर पदरात घे, म्हणाली, पण शिसारी काही गेली नाही.

"आई," मागून रश्मीनं विचारलं, "माझ्या नी-कॅप कुठे ठेवल्यास?"