डमडमच्या योगादीदी

योगादीदींना स्वतःच्या पायांचे अंगठे धरता येत नसत. मध्ये पोट यायचं. आमच्या गार्डन रीचच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी खुसखुसलं. दीदी शांतपणे म्हणाल्या, "माझे अंगठे कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. तुम्ही तुमचे शोधा."

दर बुधवारी सकाळी त्या डमडमहून मेट्रो, मग बस करत घामाघूम येत. हातात कचोरीची पुडी. रिकाम्या पोटी योग करायचा, हा नियम फक्त आम्हाला होता.

शवासनात अर्धं ऑफिस घोरायचं. दीदी उठवत नसत. "झोपू देत. घरी बायको, इथे साहेब. बिचाऱ्यांनी झोपायचं कधी?" मात्र त्या रांगांमधून फिरत, वाकून एकेकाचा श्वास ऐकत. मी नागपूरहून बदलून आलेला, नवा. मला वाटे, बाई हजेरी घेताहेत.

एकदा मुख्यालयाला फोटो पाठवायचे निघाले. मोठे साहेब जातीने हजर. सगळ्यांनी सूर्यनमस्कार घालायचे. चौथ्यालाच मला दम लागला, जबड्यात कळ आली. साहेबांसमोर थांबायचं कसं, म्हणून मी रेटत राहिलो. दीदी तरातरा आल्या.

"दादा, बसा खाली."

"अ‍ॅसिडिटी आहे, दीदी."

"गप्प बसा. घाम बघा केवढा सुटलाय."

साहेब ओरडले, "मॅडम, आधी फोटो होऊ द्या!"

"हा माणूस कोसळला, तर तोही फोटो पाठवणार का?"

दारात साहेबांचीच गाडी उभी होती. दीदींनी मला तिच्यात कोंबलं आणि ड्रायव्हरला दमात घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं. हार्ट अटॅक होता. दोन स्टेंट टाकले. बायको येईपर्यंत दीदी बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

मी कामावर परतलो तोवर त्यांना काढून टाकलं होतं. भिंतीवर एक टीव्ही लावला होता आणि त्यात एक सडपातळ मुलगी इंग्रजीत श्वास घेत होती.

मी बायकोला घेऊन डमडमला गेलो. "दीदी, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"तुमच्यामुळे कसलं? गाडीत बसताना मी साहेबांना गाढव म्हटलं, त्यामुळे."

आणि खदखदून हसल्या. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

आता दर रविवारी ऑफिसातले आम्ही सातजण योगासाठी त्यांच्या गच्चीवर जातो. परवा मोठे साहेबही आले, बीपी वाढलंय. जिन्यात अडखळत म्हणाले, "येऊ का?"

दीदींनी त्यांना सतरंजी दिली आणि माझ्या शेजारी बसवलं.